पाचूनगरीचा हिरवा चष्मा

बालवाङ्मयाकडे गंभीरपणे पाहण्याची सवय आपल्याकडे अजून म्हणावी तशी रुजलेली नाही. मुलांची गोष्ट म्हणजे झोपण्यापूर्वीची करमणूक, फार तर शेवटी एखादे तात्पर्य, एवढ्यावर आपण तिची बोळवण करतो. वस्तुतः कोण चांगला, कोण दुष्ट, कोणाला भ्यायचे आणि कोणापुढे मान तुकवायची, हे धडे शाळेच्याही आधी गोष्टच देते. माणूस पुढे आयुष्यभर या धड्यांवरच जग ओळखत राहतो. म्हणून सव्वाशे वर्षे ज्या एका गोष्टीने जगभरच्या मुलांना धरून ठेवले आहे, तिच्याकडे आम्ही येथे मोठ्यांच्या नजरेने पाहणार आहोत. ती गोष्ट आम्हांला आवडते हे आधीच सांगून टाकतो. तिच्या लेखकाविषयी पुढे जे लिहायचे आहे, ते लिहिणे त्यामुळेच जड जाते.

एल. फ्रँक बॉम या अमेरिकन लेखकाची ‘द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ’ ही ती गोष्ट. १९०० साली शिकागोत ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. चित्रे डब्ल्यू. डब्ल्यू. डेन्स्लो यांची होती. कॅन्ससच्या राखाडी माळरानावर काका-काकूंकडे वाढणारी डोरोथी ही अनाथ मुलगी चक्रीवादळात घरासकट उडते आणि ऑझ नावाच्या अद्भुत देशात जाऊन पडते. घरी परतायचे तर पाचूनगरीतल्या महान जादूगाराला भेट, असे तिला सांगितले जाते. पिवळ्या विटांच्या रस्त्याने ती निघते. वाटेत तिला मेंदू हवा असलेले बुजगावणे, हृदय हवे असलेला पत्र्याचा लाकूडतोड्या आणि हिंमत हवी असलेला भित्रा सिंह भेटतात. टोटो हा तिचा कुत्रा सोबत असतोच. जादूगार त्यांना अट घालतो, की आधी पश्चिमेच्या दुष्ट चेटकिणीला ठार करा. अट पुरी होते, आणि मग कळते, की हा जादूगार जादूगार नाहीच. तो ओमाहाचा एक साधा माणूस आहे. पोटातून आवाज काढण्याची कला आणि फुग्यातून उडण्याचा धंदा एवढेच त्याचे भांडवल.

पुस्तकाच्या प्रस्तावनेत बॉम यांनी आपला इरादा सांगितला आहे. जुन्या परीकथांतले ठरीव जिन, बुटके आणि पऱ्या आपण गाळल्या आहेत आणि मुलांना घाबरवून शिकवण देण्याची रीतही सोडली आहे, असा त्यांचा दावा आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या अरबी सुरस कथा ज्यांच्या घरी वाचल्या गेल्या, अमीर हमजाची दास्तान ज्यांनी थोरांच्या तोंडून ऐकली, अशा आमच्या वाचकांना जिनाची ही हकालपट्टी जराशी खटकेल. पण तीमागचा विचार लक्षात घेण्यासारखा आहे. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून १८८३ पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे जाडजूड खंड निघू लागले. त्या दास्तानीतला तिलिस्म हा खराच जादूचा मुलूख आहे. तो तोडायचा तर नशिबात तसे लिहिलेला नायक लागतो. बॉम यांच्या पाचूनगरीचा तिलिस्म मात्र जादूचा नाही, तो लोकांच्या समजुतीचा आहे. आणि तो तोडायला कोणी शहजादा येत नाही. सिंहाच्या डरकाळीने दचकलेला एक लहानसा कुत्रा उडी मारतो, कोपऱ्यातला पडदा कलंडतो, आणि पडद्यामागे टकलू, सुरकुतलेला म्हातारा उभा असतो. दहशतीचा कारभार इतक्या सहज उघडा पडण्याचा दुसरा प्रसंग बालवाङ्मयात आम्हांला तरी आठवत नाही.

या गोष्टीतील प्रतीके अंगावर येत नाहीत, हे त्यांचे सामर्थ्य आहे. तिघा सोबत्यांचेच पाहा. ज्याला मेंदू नाही ते बुजगावणेच दर अडचणीतून वाट काढते. ज्याला हृदय नाही तो लाकूडतोड्या चुकून एक किडा पायाखाली आला तर रडतो, आणि आसवांनी त्याचा जबडा गंजून बसतो. भित्रा सिंह संकटात सर्वांच्या पुढे होतो. आपल्यात काहीतरी उणे आहे असे ज्यांना कोणीतरी पटवून दिले आहे, अशी ही मंडळी. जादूगार शेवटी बुजगावण्याच्या डोक्यात टाचण्या-सुया मिसळलेला कोंडा भरतो, लाकूडतोड्याच्या छातीत भुसा भरलेले रेशमी हृदय बसवतो आणि सिंहाला बशीतून कसलेसे औषध पाजतो. तिघेही कृतार्थ होतात. जे मुळात आपलेच होते त्यावर वरच्याचा शिक्का बसला म्हणजेच ते खरे वाटू लागते. मेहेरबानीची सनद हाती पडेपर्यंत स्वतःच्या लायकीवर विश्वास न ठेवणारी माणसे कोणत्या समाजात नाहीत?

दुसरे प्रतीक सिंहासनाचे. जादूगार प्रत्येकाला निरनिराळ्या दिवशी एकेकट्याला बोलावतो. डोरोथीला नुसते एक प्रचंड मस्तक दिसते, बुजगावण्याला सुंदर स्त्री, लाकूडतोड्याला भयंकर पशू आणि सिंहाला आगीचा गोळा. सत्ता प्रत्येकापुढे वेगळे सोंग घेऊन येते, आणि सर्वांनी एकत्र बसून आपापले पाहिलेले ताडून पाहिले तरच तिचे पितळ उघडे पडण्याची शक्यता असते. चौघे एकत्र जातात तेव्हाच पडदा पडतो, हा योगायोग आम्हांला वाटत नाही.

तिसरे प्रतीक चष्म्याचे, आणि आमच्या मते सर्वांत खोल. पाचूनगरीच्या वेशीवर द्वारपाल प्रत्येकाच्या डोळ्यांवर हिरवा चष्मा चढवून मागून कुलूप लावतो. किल्ली त्याच्याच गळ्यात. कारण असे सांगतात, की आतल्या तेजाने डोळे जातील. आत गेल्यावर घरे हिरवी, ऊन हिरवे, माणसांची कांतीही हिरवट. पुढे डोरोथी नगरीबाहेर पडते तेव्हा आत मिळालेला तिचा हिरवा झगा चक्क पांढरा निघतो. अखेरीस जादूगार स्वतःच कबूल करतो, की ही नगरी इतर गावांहून अधिक हिरवी नाही. लोक इतकी वर्षे चष्मा लावून आहेत, की त्यांना ती खरोखरच पाचूची वाटते. येथे जबरदस्ती आहे, पण ती लोकांच्या भल्याची म्हणून केलेली आहे, आणि लोकांनीही ती भले म्हणूनच स्वीकारली आहे. १९३९ च्या सुप्रसिद्ध चित्रपटात हा चष्मा गाळला गेला. चित्रपटात नगरी खरीच हिरवी आहे. एवढ्या एका बदलाने कथेचा केवढा आशय हरवला, हे मूळ पुस्तक वाचल्याशिवाय ध्यानात येत नाही.

या प्रतीकांचा अर्थ लावण्याची सर्वांत गाजलेली खटपट हेन्री लिटलफील्ड या शाळाशिक्षकाची. १९६४ साली ‘अमेरिकन क्वार्टर्ली’ या नियतकालिकात त्यांनी लेख लिहून ही गोष्ट १८९० च्या दशकातल्या शेतकरी चळवळीचे रूपक आहे असे मांडले. त्यांच्या मते बुजगावणे म्हणजे शेतकरी, पत्र्याचा लाकूडतोड्या म्हणजे यंत्राने माणूसपण हिरावलेला कामगार, आणि भित्रा सिंह म्हणजे विल्यम जेनिंग्ज ब्रायन हा पुढारी. सोने आणि चांदी या दोन्ही धातूंवर चलन चालावे, म्हणजे कर्जबाजारी शेतकऱ्याला श्वास घेता येईल, अशी त्या चळवळीची मागणी होती. म्हणून पिवळा रस्ता सोन्याचा, आणि डोरोथीचे जोडे चांदीचे. पुस्तकात ते चांदीचेच आहेत. रंगीत चित्रपटात उठून दिसावेत म्हणून ते माणकांचे लाल झाले. हा अर्थ इतका चपखल बसला, की तो अमेरिकेत इतिहास आणि अर्थशास्त्राच्या वर्गांतून शिकवला जाऊ लागला. परंतु बॉम त्या चळवळीचे होते याला आधार नाही, असे पुढे अभ्यासकांनी दाखवले, आणि १९९२ मध्ये लिटलफील्ड यांनी स्वतःही ते मोकळेपणाने मान्य केले. समीक्षकाने आपला चष्मा असा उतरवून ठेवणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. तरीही हा अर्थ लोकांच्या मनातून गेला नाही. कथा छापून झाली, की तिच्यावर लेखकाची एकट्याची मालकी राहत नाही.

लेखकाच्या मालकीचा हा मुद्दा नुसता पंडिती नाही. त्याची खरी कसोटी बॉम यांच्या आयुष्यातल्या एका प्रकरणाने लागते, आणि मुलांच्या हाती हे पुस्तक देणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असले पाहिजे.

१८८८ मध्ये बॉम बायकोमुलांसह डकोटा प्रदेशातल्या ॲबर्डीन गावी राहायला गेले. तेथे त्यांनी ‘बॉम्स बझार’ नावाचे दुकान काढले. अवर्षण पडले, शेतकऱ्यांच्या हाती पैसा राहिला नाही, आणि दुकान बुडाले. मग त्यांनी ‘ॲबर्डीन सॅटर्डे पायोनियर’ हे साप्ताहिक चालवायला घेतले. पुस्तकातले करपलेले, राखाडी कॅन्सस हे या डकोटाचेच चित्र आहे, असे बरेच अभ्यासक मानतात. त्याच प्रदेशात सू जमातीच्या लोकांची जमीन आणि शिकार गोऱ्या वसाहतवाल्यांनी हिरावून घेतली होती. १५ डिसेंबर १८९० रोजी त्यांचा वृद्ध नेता सिटिंग बुल अटकेच्या वेळी मारला गेला. पाच दिवसांनी बॉम यांनी अग्रलेख लिहिला. या जमातीत आता तेजस्वी असे कोणी उरले नाही, सीमेवरच्या गोऱ्या वस्त्यांची सुरक्षितता उरल्यासुरल्या इंडियनांच्या संपूर्ण संहारातच आहे, अशी मांडणी त्यात होती. २९ डिसेंबरला वुंडेड नी येथे सैन्याने लाकोटा सू लोकांची कत्तल केली. अडीचशेच्या आसपास किंवा त्याहून अधिक माणसे मेली, त्यांत बायका आणि मुले पुष्कळ होती. त्यानंतर ३ जानेवारी १८९१ च्या अंकात बॉम यांनी पुन्हा तेच लिहिले. या लोकांवर आपण शतकानुशतके अन्याय केला आहेच, तेव्हा आपल्या रक्षणासाठी आणखी एक अन्याय करून त्यांना पृथ्वीवरून नाहीसे करावे, असा त्याचा आशय होता.

हे दुसरे लिखाण आम्हांला अधिक भयंकर वाटते. आंधळेपणाने द्वेष करणारा माणूस एक वेळ समजू शकतो. येथे मात्र अन्याय झाला आहे हे दिसत असूनही, त्यावर उपाय म्हणून पीडितालाच संपवण्याचा सल्ला दिला आहे. बॉम यांच्या बाजूने दोन बचाव केले जातात. एक, की हा उपरोध असावा. कत्तलीनंतर पाचच दिवसांनी, घाबरलेल्या वस्तीच्या वर्तमानपत्रात छापलेला असला उपरोध कोणाला कळला असता? दुसरा बचाव, की तो काळच तसा होता. हाही टिकत नाही. सरकारने आदिवासींशी मोडलेल्या करारांचा हिशेब मांडणारे ‘अ सेंच्युरी ऑफ डिसऑनर’ हे हेलन हंट जॅक्सन यांचे पुस्तक १८८१ मध्येच निघाले होते. आणि बाहेर कशाला जायचे? बॉम यांच्या सासूबाई मटिल्डा जॉसलिन गेज या स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्या अग्रगण्य कार्यकर्त्या होत्या. आदिवासींच्या हक्कांचीही त्यांनी बाजू घेतली. १८९३ मध्ये मोहॉक लोकांनी त्यांना मानाने आपल्या एका कुळात घेतले. त्याच वर्षी चेटकीण ठरवून जाळल्या गेलेल्या बायकांविषयी त्यांनी आपल्या ग्रंथात लिहिले. बॉम यांच्या गोष्टीत चेटकिणी चांगल्याही असू शकतात, राज्य चालवणाऱ्या बायका शहाण्या असतात, यामागे या सासूबाईंचा प्रभाव आहे असे मानले जाते. म्हणजे त्याच काळात, त्याच घरात, वेगळे पाहणारे डोळे होते. सासूबाईंकडून बॉम यांनी बाईचे दुःख घेतले, आदिवासीचे घेतले नाही.

मग या पुस्तकाचे काय करायचे? फेकून द्यायचे? आमचे उत्तर नाही असे आहे, आणि त्याचे कारण पुस्तकातच सापडते. ऑझच्या देशात पंखवाली माकडे आहेत. दुष्ट चेटकिणीच्या हुकमाने ती लोकांना गुलाम करतात, आमच्या नायिकेलाही पकडून नेतात. चित्रपटात ती नुसती भीतिदायक फौज आहे. पुस्तकात मात्र त्यांचा राजा डोरोथीला आपली कहाणी सांगतो. एके काळी आम्ही रानात मोकळे होतो, फळे खात होतो, कोणाला मालक म्हणत नव्हतो. आजोबांच्या काळात काही जणांनी एकाची खोडी काढली. त्या गुन्ह्याबद्दल सगळी जमात पिढ्यान् पिढ्या एका सोन्याच्या टोपीची ताबेदार झाली. टोपी ज्याच्या डोक्यावर, त्याचे तीन हुकूम आम्हांला पाळावे लागतात. कॅन्ससला पोहोचव असे डोरोथी म्हणते तेव्हा ती नकार देतात. आम्ही या मुलखाचे आहोत, तो सोडून जाऊ शकत नाही, असे त्यांचे म्हणणे.

चार जणांच्या आगळिकीची शिक्षा अख्ख्या जमातीला, तीही नातवंडांपर्यंत. आणि तरी हा मुलूख आमचा आहे हे निक्षून सांगणे. काही अभ्यासकांना या माकडांत अमेरिकेचे मूळ रहिवासी दिसतात. बॉम यांच्या मनात ते होते की नव्हते याची खात्री कोणी देऊ शकणार नाही. पण गोष्टीच्या शेवटी ग्लिंडा ही भली चेटकीण टोपीचे तिन्ही हुकूम वापरून संपवते आणि ती टोपी माकडांच्याच राजाला देऊन टाकते, म्हणजे ती कायमची मोकळी होतात. संपादक म्हणून ज्या माणसाने एका जमातीच्या नाशाची मागणी केली, त्याच्याच कथेने दहा वर्षांनी एका जमातीची सुटका केली. यामुळे संपादकाचा गुन्हा धुतला जात नाही. मात्र कथा आपल्या लेखकाहून मोठ्या मनाची असू शकते, एवढे यातून सिद्ध होते.

या कथेचा प्रभाव टिकला तोही अशाच वाटेने, असे आम्हांला वाटते. बॉम यांनी स्वतः ऑझची चौदा पुस्तके लिहिली. त्यांच्या मागे इतरांनी मालिका चालू ठेवली. ज्युडी गारलंडचा १९३९ चा चित्रपट १९५६ पासून दूरचित्रवाणीवर दाखवला जाऊ लागला आणि घरोघर पोहोचला. त्याच १९३९ साली सोव्हिएत रशियात अलेक्झांडर वोल्कोव्ह यांनी ही गोष्ट आपल्या पद्धतीने रशियन भाषेत सांगितली आणि पुढे तिला स्वतःचे नवे भाग जोडले. अमेरिकेत टेनेसी राज्यात काही कडव्या ख्रिस्ती पालकांनी १९८० च्या दशकात पाठ्यपुस्तकांविरुद्ध खटला केला. चेटकीण चांगली असू शकते हे दाखवणारी ही गोष्टही त्यांच्या आक्षेपांत होती. धर्माच्या नावाने गोष्टीला भिणारे लोक सर्व धर्मांत सारखेच दिसतात.

परंतु सर्वांत जिवंत प्रभाव त्यांचा, ज्यांना मूळ पाचूनगरीत जागा नव्हती. १९७५ मध्ये ब्रॉडवेवर ‘द विझ’ हे संगीत नाटक आले. त्यातील सर्व कलावंत कृष्णवर्णीय होते. नाटकाला सात टोनी पुरस्कार मिळाले. १९७८ च्या त्याच्या चित्रपटात डायना रॉस डोरोथी झाली आणि मायकेल जॅक्सन बुजगावणे. तुझ्यात मेंदू नाही, हिंमत नाही, असे ज्यांना शतकानुशतके ऐकवले गेले, त्यांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा तिला नवा अर्थ आला. १९९५ मध्ये ग्रेगरी मॅग्वायर यांनी ‘विकेड’ ही कादंबरी लिहिली, आणि दुष्ट चेटकिणीलाच नायिका केले. तिचे एल्फाबा हे नाव बॉम यांच्या आद्याक्षरांवरून घडवलेले आहे. तिची कातडी हिरवी. हा रंग १९३९ च्या चित्रपटाने दिलेला, पुस्तकातली चेटकीण एकाक्ष आहे, हिरवी नाही. या कथेत रंगावरून हिणवली गेलेली ही मुलगी अन्यायाविरुद्ध बोलते, म्हणून राज्यकर्ता जादूगार तिला लोकांचा शत्रू ठरवतो. प्रजा एकजूट ठेवायला एक शत्रू पुरतो, हे त्याला पक्के ठाऊक असते. २००३ मध्ये यावर संगीत नाटक झाले, २०२४ आणि २०२५ मध्ये दोन भागांत चित्रपट आला.

याच काळात दोन घटना घडल्या. २००६ मध्ये बॉम यांच्या वंशजांपैकी काहींनी सू लोकांची माफी मागितली. आणि चित्रपटातल्या लाल जोड्यांपैकी एक जोड, जो २००५ मध्ये मिनेसोटातल्या एका संग्रहालयातून चोरीला जाऊन २०१८ मध्ये सापडला होता, डिसेंबर २०२४ मध्ये लिलावात २ कोटी ८० लाख डॉलर बोलीला गेला. खर्च धरून ही रक्कम सव्वातीन कोटींवर गेली. पुस्तकात डोरोथी घरी परतते तेव्हा चांदीचे जोडे वाळवंटात कुठेतरी गळून पडतात आणि कायमचे हरवतात. एकीकडे जोड्यांची किंमत, दुसरीकडे माफीची. या गोष्टीचा खरा वारसा आम्ही दुसरीत पाहतो.

मराठी ऐतिहासिक कादंबऱ्या वाचत मोठ्या झालेल्या आमच्या वाचकांना हा पेच परका वाटणार नाही. आवडलेल्या पुस्तकात आपल्यासारख्या नावाचा माणूस आला, की तो बहुधा क्रूर किंवा कपटीच निघतो, आणि तरी भाषेच्या ओढीने ते पुस्तक खाली ठेववत नाही. पण आम्ही आमच्याही कपाटाकडे पाहिले पाहिजे. ज्या अमीर हमजाच्या दास्तानीचा वर आम्ही प्रेमाने उल्लेख केला, तिच्यात हरलेल्या जादूगारापुढे बहुतेक वेळा दोनच वाटा उरतात: विजेत्याचा धर्म स्वीकारणे किंवा मरण. तोही एक चष्माच. त्याची किल्ली मात्र दुसऱ्या कोणाकडे नाही, आमच्याच गळ्यात आहे.

म्हणून ऑझची गोष्ट मुलांना जरूर सांगावी. चित्रपट दाखवला तरी चष्म्याचा आणि माकडांच्या कहाणीचा भाग तोंडाने सांगावा. मूल जरा मोठे झाले, की ॲबर्डीनचे ते दोन अग्रलेखही त्याला सांगावेत, त्यातला एक शब्दही सौम्य न करता. मूल विचारील, की एवढी चांगली गोष्ट लिहिणारा माणूस असे कसे लिहू शकला? या प्रश्नाला आमच्याकडे तयार उत्तर नाही. पण तो प्रश्न पडलेले मूल वेशीवरच्या द्वारपालाने पुढे केलेला चष्मा सहजासहजी डोळ्यांवर चढवून घेणार नाही, एवढा भरवसा आम्हांला वाटतो.